यहेज्केल (संदेष्टा)

यहेज्केल (जन्म : अंदाजे इ.स.पू. ६२२, मृत्यू : इ.स.पू. ५७१ नंतर) हा प्राचीन यहूदा राज्यातील याजक घराण्यात जन्मलेला आणि बाबेलमध्ये निर्वासित म्हणून आयुष्य घालवलेला हिब्रू संदेष्टा होता. यशया व यिर्मया यांच्याबरोबर त्याची गणना हिब्रू बायबलातील तीन थोर संदेष्ट्यांत केली जाते. त्याच्या नावाचा ग्रंथ ४८ अध्यायांचा असून तो यहुदी धर्मग्रंथात आणि ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारात समाविष्ट आहे. यहेज्केल या नावाचा अर्थ ‘देव बळ देतो’ असा होतो.

यरुशलेमच्या मंदिरात देवाचा निवास आहे, ही श्रद्धा यहूदाच्या लोकजीवनाचा आधार होती. ते मंदिरच जळाले तर देव राहतो कोठे, हा प्रश्न यहेज्केलच्या पिढीपुढे उभा राहिला. मंदिर पडण्यापूर्वीच देवाने ते सोडले होते, परमुलखात नेलेल्या लोकांजवळ तो होता आणि पुढे तो आपल्या लोकांत कायमचा राहण्यासाठी परतणार होता, असे उत्तर यहेज्केलने दिले. राज्य, राजा, मंदिर व भूमी ही चारही गमावलेला समाज विरून न जाता टिकला, त्यामागे या उत्तराचा वाटा मोठा आहे.

पार्श्वभूमी

देवाने आपल्या लोकांमध्ये वस्ती करावी ही कल्पना बायबलमध्ये फार आरंभीपासून येते. निर्गम या पुस्तकातील वृत्तांतानुसार मिसरमधून सुटून आलेल्या इस्राएल लोकांनी सीनाय पर्वतापाशी देवासाठी एक तंबू उभारला. देवाला लोकांच्या मध्यभागी राहता यावे, हा त्यामागचा हेतू तेथे स्पष्ट सांगितला आहे. मराठी बायबलमध्ये या तंबूला निवासमंडप म्हटले आहे. त्यासाठी असलेला ‘मिश्कान’ हा हिब्रू शब्द वस्ती करणे या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. हा मंडप मोडता व उचलता येई. लोक जेथे तळ देत तेथे तोही उभा राही.

पुढे दावीद राजाला देवासाठी पक्के घर बांधण्याची इच्छा झाली, पण ते काम त्याचा पुत्र शलमोन याच्या हातून पूर्ण झाले. मंदिराच्या समर्पणाच्या वेळी देवाचे तेज मेघरूपाने आत भरले, असे राजांच्या पुस्तकात वर्णन आहे. आकाशातही न मावणारा देव या घरात कसा मावेल, ही शंका शलमोनाच्या प्रार्थनेतच आलेली आहे. तरीही काळाच्या ओघात देव आणि ती इमारत यांची सांगड लोकांच्या मनात घट्ट बसली. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याला यरुशलेम घेता आले नाही, तेव्हा तर देवाचे घर असलेले हे नगर पडूच शकत नाही असा समज दृढ झाला. या समजावर यिर्मयाने उघड आघात केला आणि त्याबद्दल त्याच्यावर प्राणसंकट ओढवले. यहेज्केलला तेच काम नगरापासून शेकडो कोस दूर राहून करावे लागले.

कुळ व पूर्वायुष्य

यहेज्केल हा बूजी नावाच्या याजकाचा पुत्र. त्याच्या ग्रंथाचा आरंभ एका ‘तिसाव्या वर्षा’च्या उल्लेखाने होतो. हे त्याचे वय असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर त्याचा जन्म इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, म्हणजे योशीया राजाने मंदिरातून परक्या मूर्ती काढून टाकण्याची मोहीम हाती घेतली त्याच सुमारास झाला. याजकाच्या मुलाचे शिक्षण मंदिराभोवतीच होई. शुद्ध-अशुद्धाचे नियम, बलिदानांचे प्रकार, दालनांची मोजमापे हे सारे त्याला लहानपणापासून परिचित असावे. ग्रंथाच्या पानोपानी त्याच्या याजकी शिक्षणाचा ठसा दिसतो.

गणना या पुस्तकातील नियमाप्रमाणे पवित्र स्थानातील सेवेचे वय तीस वर्षांपासून सुरू होई. ज्या वर्षी त्याने मंदिरात सेवेला उभे राहायचे, त्या वर्षी तो मंदिरापासून कायमचा दूर होता.

बाबेलमधील वस्ती

बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ च्या मार्च महिन्यात यरुशलेम ताब्यात घेतले. या घटनेची नोंद बाबेलच्या राजवृत्तांतातही सापडते. तरुण राजा यहोयाखीन, त्याची आई, दरबारी, सैनिक, लोहार व सुतार यांना पाडाव करून नेण्यात आले. राजांचे पुस्तक या कैद्यांची संख्या एके ठिकाणी १०,००० देते, तर यिर्मयाच्या पुस्तकात ती ३,०२३ आहे. यहेज्केल याच तांड्यात होता. यरुशलेमच्या गादीवर नबुखद्नेस्सराने सिद्कीया याला बसवले. मंदिर अजून उभे होते.

निर्वासितांपैकी राजकुटुंबाला राजधानीत ठेवण्यात आले. यहोयाखीन व त्याच्या मुलांना सरकारी कोठारातून मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याच्या नोंदी असलेल्या मातीच्या पाट्या बाबेलच्या उत्खननात सापडल्या असून त्यांपैकी एक इ.स.पू. ५९२ मधील आहे. सामान्य लोकांना मात्र युद्धांत उजाड झालेल्या मुलखात वसवण्यात आले. यहेज्केल खबार नदीच्या काठी तेल-अबीब येथे राहत असे. ही खबार म्हणजे निप्पूर शहराजवळचा एक मोठा कालवा होता. पुढच्या शतकातील मुराशू या सावकारी घराण्याच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख येतो. तेल-अबीब हे नाव ‘पुराने बनलेला ढिगारा’ अशा अर्थाच्या अक्कादी शब्दावरून आले. (विसाव्या शतकात भूमध्य समुद्राकाठी वसलेल्या तेल अवीव शहराने हेच नाव घेतले.) २०१४ साली प्रकाशित झालेल्या अल-याहुदू या वस्तीच्या पाट्यांवरून यहूदाचे हे लोक शेती करत, कर भरत, जमिनी कसायला घेत आणि आपली हिब्रू नावे टिकवून ठेवत, असे दिसते. ते साखळदंडात नव्हते. पण परत जाण्याची मोकळीकही त्यांना नव्हती.

यहेज्केलचे स्वतःचे घर होते, तो विवाहित होता आणि वस्तीतील वडील मंडळी सल्ल्यासाठी त्याच्या घरी येऊन बसत. हा वनवास दोन-चार वर्षांचाच आहे, मंदिर शाबूत आहे तोवर आपण परत जाणारच, अशी आशा त्या घरांघरांत होती. दोन वर्षांत सारे परत येईल असे भाकीत यरुशलेमात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने केल्याचे यिर्मयाचे पुस्तक सांगते. यहेज्केलची पहिली सात वर्षे ही आशा मोडण्यात गेली.

खबारकाठचा दृष्टान्त

पाडावाच्या पाचव्या वर्षी, इ.स.पू. ५९३ च्या जुलैअखेरीस, यहेज्केलला कालव्याकाठी पहिला दृष्टान्त झाला. उत्तरेकडून वादळ आले. त्यात धगधगता मेघ होता आणि त्या मेघात चार जिवंत प्राणी होते. प्रत्येकाला मनुष्य, सिंह, बैल व गरुड अशी चार मुखे आणि चार पंख होते. प्रत्येकाशेजारी चाकात चाक बसवावे तसे चाक होते आणि चाकांच्या धावा डोळ्यांनी भरलेल्या होत्या. प्राण्यांच्या मस्तकांवर स्फटिकासारखे अंतराळ, त्यावर नीलमण्यासारखे सिंहासन आणि सिंहासनावर मनुष्यासारखी दिसणारी एक तेजोमय आकृती होती. देवाचे वर्णन करताना यहेज्केल ‘सारखे’ व ‘सदृश’ या शब्दांचा आधार इतक्या वेळा घेतो की भाषा अपुरी पडल्याचे वाचकाला जाणवत राहते.

या दृष्टान्तातील विलक्षण प्राण्यांकडे बहुतेकांचे लक्ष जाते, पण यहेज्केलच्या श्रोत्यांच्या दृष्टीने चाके महत्त्वाची होती. यरुशलेमच्या परमपवित्रस्थानात करूबांच्या पंखांखाली कराराचा कोश असे आणि ते देवाचे आसन मानले जाई. ते आसन आता चारही दिशांना न वळता जाऊ शकणाऱ्या चाकांवर होते आणि अशुद्ध मानल्या गेलेल्या परक्या देशात, एका कालव्याच्या काठी येऊन थांबले होते. मंदिराबाहेर पडू न शकणारा देव या चित्रात बसत नाही.

याच प्रसंगी त्याला संदेष्ट्याचे काम सोपवण्यात आले. शोकवचनांनी दोन्ही बाजूंनी भरलेली एक गुंडाळी त्याला खायला दिली गेली आणि ती मधासारखी गोड लागली. येथून पुढे देव त्याला नावाने हाक मारत नाही. ‘मानवपुत्र’ हेच संबोधन ग्रंथात ९० हून अधिक वेळा येते. दृष्टान्तानंतर तो तेल-अबीबला आपल्या लोकांत परतला आणि सात दिवस सुन्न होऊन बसून राहिला.

प्रतीकात्मक कृती

यहेज्केलने आरंभीचे संदेश शब्दांपेक्षा कृतींनी दिले. एका विटेवर त्याने यरुशलेमचे चित्र कोरले, भोवती वेढ्याचे मोर्चे मांडले आणि आपल्या व नगराच्या मध्ये लोखंडी तवा उभा केला. ३९० दिवस डाव्या कुशीवर आणि ४० दिवस उजव्या कुशीवर निजून त्याने इस्राएल व यहूदाच्या अपराधाचा भार वाहिल्याचे दाखवले. वेढ्यातील उपासमार दाखवण्यासाठी गहू, जव, मसूर, कडधान्य, भरडधान्य व खपली एकत्र करून केलेली भाकर तो रोज २० शेकेल, म्हणजे पावकिलोहून थोडी कमी, एवढीच खाई. ही भाकर मानवी विष्ठेवर भाजण्याची आज्ञा झाली, तेव्हा मात्र त्याने विरोध केला. आपण आजवर काही अशुद्ध खाल्लेले नाही, असे या याजकाचे म्हणणे होते. ते मान्य होऊन त्याला गोवऱ्यांची परवानगी मिळाली. देवाच्या आज्ञेला त्याने हरकत घेतल्याचे असे प्रसंग ग्रंथात फार थोडे आहेत.

तलवारीने डोके व दाढी भादरून त्याने केसांचे तीन वाटे केले. एक जाळला, एक तलवारीने तोडला व एक वाऱ्यावर उधळला. पुढे एकदा भर वस्तीत घराच्या भिंतीला भगदाड पाडून, खांद्यावर बोचके घेऊन, तोंड झाकून तो अंधारात बाहेर पडला. यरुशलेमच्या अधिपतीची हीच गत होणार होती. विसाव्या शतकात काहींनी या वर्तनाला मानसिक आजाराची नावे देण्याचा प्रयत्न केला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथावरून असे निदान करणे आज बहुतेक अभ्यासकांना ग्राह्य वाटत नाही.

तेजाचे प्रयाण

इ.स.पू. ५९२ च्या सप्टेंबरमध्ये यहूदाचे वडील यहेज्केलच्या घरी बसलेले असताना त्याला दुसरा मोठा दृष्टान्त झाला. ग्रंथाच्या आठव्या ते अकराव्या अध्यायांतील हा वृत्तांत त्याच्या जीवनकार्याचा गाभा मानता येईल. एका हाताने त्याच्या केसांची बट धरून त्याला उचलले आणि यरुशलेमच्या मंदिरात नेले. तेथे उत्तरेच्या दाराशी एक मूर्ती उभी होती. भिंतीवर सरपटणाऱ्या प्राण्यांची चित्रे कोरलेल्या अंधाऱ्या दालनात सत्तर वडील धूप जाळत होते. त्यांत शाफानाचा पुत्र याजन्या होता. हा शाफान योशीयाच्या धर्मसुधारणेतील चिटणीसच असेल, तर सुधारकाच्या घरातूनच ही पूजा चालली होती. दाराशी स्त्रिया तम्मूज या मेसोपोटेमियाई देवासाठी रडत होत्या. आतल्या अंगणात पंचवीस पुरुष मंदिराकडे पाठ करून सूर्याला नमन करत होते.

यानंतर शिक्षेचा प्रसंग येतो. सहा संहारकांबरोबर तागाची वस्त्रे घातलेला, कमरेला लेखकाची दौत असलेला एक पुरुष येतो. या अमंगळ गोष्टींबद्दल जे उसासे टाकत आहेत, त्यांच्या कपाळावर तो खूण करतो. बाकीच्यांचा संहार मंदिरापासूनच सुरू होतो.

दरम्यान देवाचे तेज हलू लागते. ते करूबांवरून उठून मंदिराच्या उंबरठ्यावर येते. तेथे थांबते. मग करूबांवर आरूढ होऊन पूर्वेच्या दारापाशी येते. तेथेही थांबते. अखेर ते नगरातून निघून पूर्वेकडील डोंगरावर जाऊन उभे राहते. हा डोंगर म्हणजे जैतुनांचा डोंगर. रागाने तडक निघून जाणाऱ्याची ही चाल नाही. प्रत्येक टप्प्यावर रेंगाळणाऱ्या या प्रयाणात अनिच्छा दिसते, असे ज्यू व ख्रिस्ती भाष्यकारांनी पूर्वापार म्हटले आहे. या वाचनानुसार नबुखद्नेस्सराने पुढे जे जाळले, ते आधीच रिकामे झालेले घर होते. देव हरला नव्हता.

याच दृष्टान्तात दुसरी बाजूही मांडलेली आहे. यरुशलेमात मागे राहिलेले लोक निर्वासितांविषयी म्हणत होते की ते देवापासून दूर गेले आणि भूमी आता आपली झाली. त्यावर यहेज्केलला मिळालेला संदेश उलट होता. ज्यांना दूरच्या राष्ट्रांत विखुरले, त्यांच्यासाठी तेथे देव स्वतःच थोड्या काळापुरते किंवा लहानसे पवित्रस्थान झाला आहे. मूळ हिब्रू शब्दाचे हे दोन्ही अर्थ संभवतात. बाबेलमधल्या चिखलमातीच्या वस्तीत, ना वेदी ना बलिदान अशा स्थितीत, देवाजवळ राहणे शक्य आहे, हे विधान त्या काळच्या मानाने धाडसाचे होते.

पत्नीचा मृत्यू आणि यरुशलेमचा नाश

सिद्कीयाने बाबेलविरुद्ध बंड केले आणि इ.स.पू. ५८८ च्या जानेवारीत यरुशलेमला वेढा पडला. यहेज्केलने त्या दिवसाची तारीख लिहून ठेवली. याच सुमारास त्याच्यावर कौटुंबिक आघात झाला. त्याच्या नेत्रांना प्रिय असलेली व्यक्ती एका फटक्यात नेली जाईल आणि त्याने शोक करू नये, असे त्याला सांगण्यात आले. सकाळी तो लोकांशी बोलला. संध्याकाळी त्याची पत्नी मरण पावली. तिचे नाव ग्रंथात नाही.

शोकात पागोटे उतरवण्याची, अनवाणी चालण्याची, ओठ झाकून घेण्याची आणि शेजाऱ्यांनी आणलेले अन्न खाण्याची रीत होती. यहेज्केलने डोक्याला पागोटे बांधले, पायांत वहाणा घातल्या आणि तो नेहमीप्रमाणे बाहेर पडला. लोकांनी याचा अर्थ विचारला. त्यांच्या डोळ्यांना प्रिय असलेले मंदिर असेच जाईल, मागे राहिलेली त्यांची मुले पडतील आणि तेही रडू शकणार नाहीत, असे त्याने सांगितले. आपल्या दुःखाविषयी तो एक अक्षरही लिहीत नाही. मात्र पत्नी व मंदिर या दोघांसाठी ग्रंथ एकच शब्दप्रयोग वापरतो. एका माणसाच्या खासगी दुःखाचे असे जाहीर चिन्ह करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न या अध्यायाच्या वाचकांना आजही अस्वस्थ करतो.

इ.स.पू. ५८६ मध्ये (काहींच्या मते ५८७) तटबंदी फुटली आणि मंदिर जाळण्यात आले. नगरातून निसटलेला एक माणूस इ.स.पू. ५८५ च्या जानेवारीत तेल-अबीबला पोहोचला आणि नगर पडल्याची बातमी कळली. पाचारणाच्या वेळी यहेज्केलवर मूकपण लादले गेले होते, संदेश द्यायचा असेल तेव्हाच त्याचे तोंड उघडे. ते मूकपण या बातमीच्या आदल्या संध्याकाळी संपले.

सांत्वनाचा काळ

येथून यहेज्केलच्या वाणीचा सूर बदलतो. आता लोकांना इशाऱ्याची गरज नव्हती. निराशेने त्यांना ग्रासले होते. बापांच्या पापाची शिक्षा आपण भोगतो आहोत, ही त्यांची तक्रार त्याने आधीच खोडून काढली होती. प्रत्येकजण आपल्या कर्माला जबाबदार आहे आणि मागे वळणाऱ्याला जीवन मिळते, हे त्याचे अठराव्या अध्यायातील प्रतिपादन नीतिविचाराच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. स्वतःचीच पोटे भरणाऱ्या मेंढपाळांची, म्हणजे राज्यकर्त्यांची, त्याने खरडपट्टी काढली आणि देव स्वतः आपला कळप राखील असे सांगितले. दगडी हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे अभिवचन याच काळातले.

सर्वांत प्रसिद्ध आहे तो वाळलेल्या हाडांचा दृष्टान्त. हाडांनी भरलेल्या खोऱ्यात यहेज्केलने संदेश दिला. हाडाला हाड जुळले, स्नायू व मांस चढले आणि शेवटी चारी दिशांच्या वाऱ्यांतून श्वास आला. मूळ संदर्भात हे चित्र निर्वासित राष्ट्राच्या पुनरुज्जीवनाचे आहे. मृतांच्या पुनरुत्थानाशी ते नंतर जोडले गेले. या अध्यायाचा शेवट सहसा कमी वाचला जातो. दोन फुटलेली राज्ये एक झाल्यावर देव आपले पवित्रस्थान त्यांच्यामध्ये कायमचे ठेवील, असे तेथे म्हटले आहे आणि तेथे योजलेला शब्द सीनायच्या तंबूचाच, मिश्कान, हा आहे.

लोक त्याचे ऐकायला गर्दी करत, पण गोड गळ्याच्या गायकाचे गाणे ऐकावे तसे ऐकून घरी जात, अशी नोंदही ग्रंथात आहे.

नव्या मंदिराचे दर्शन

इ.स.पू. ५७३ च्या वसंतात, पाडावाच्या पंचविसाव्या वर्षी, सुमारे पन्नाशीच्या यहेज्केलला शेवटचा मोठा दृष्टान्त झाला. ग्रंथाचे शेवटचे नऊ अध्याय त्याने व्यापले आहेत. एका उंच डोंगरावर, हाती मोजपट्टीचा बोरू घेतलेला एक पुरुष त्याला नव्या मंदिरातून फिरवतो. भिंती, दारे, पायऱ्या, कोठड्या यांची मापे एकामागून एक येतात. सामान्य वाचकाला हा भाग रुक्ष वाटतो. पण ज्या याजकाने मंदिरात कधी सेवा केली नाही आणि ज्याचे मंदिर चौदा वर्षांपूर्वी जळाले, त्याच्यासाठी प्रत्येक उंबरठ्याचे माप घेणे ही केवळ आकडेमोड नव्हती. मंदिराचा परिसर ५०० हातांचा चौरस होता, म्हणजे एक बाजू साधारण २६० मीटर. उंचीची मापे मात्र बहुतेक ठिकाणी दिलेलीच नाहीत. मोशेला मंडप बांधण्याची आज्ञा झाली होती, तशी हे मंदिर बांधण्याची थेट आज्ञा येथे आढळत नाही. त्यामुळे हा आराखडा बांधकामासाठी होता की चिंतनासाठी, याबद्दल मतभेद आहेत.

मापे संपल्यावर तेज परत येते. ज्या पूर्व दिशेने ते गेले होते, त्याच दिशेने, प्रचंड पाण्याच्या घोषासारखा आवाज करत ते येते, पूर्वेच्या दाराने आत शिरते आणि मंदिर भरून टाकते. हेच आपले सिंहासन आणि येथेच आपण इस्राएलांमध्ये कायम राहू, असे देव त्याला सांगतो. यानंतर पूर्वेचे दार बंद करून घेण्यात येते.

मग मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याचा एक झरा निघतो. हजार हातांवर ते पाणी घोट्यापर्यंत असते, आणखी हजारांवर गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आणि शेवटी उतरून जाता न येणारी नदी बनते. ती क्षार समुद्राला मिळून त्याचे पाणी गोडे करते. एन-गेदीच्या काठावर कोळी जाळी वाळवतात. खाजणे मात्र मिठासाठी तशीच राखली जातात. यहेज्केलची व्यवहारदृष्टी अशा तपशिलांत दिसते. भूमीच्या नव्या वाटणीत परदेशी रहिवाशांनाही वतन मिळावे, अशी तरतूद आहे. दुसरीकडे लेवींचा दर्जा कमी करून याजकपद सादोकाच्या वंशापुरते मर्यादित केले आहे. राजाला केवळ अधिपती म्हटले आहे. कराराच्या कोशाचा उल्लेख कोठेच नाही. ग्रंथ संपतो तो नगराला दिलेल्या नव्या नावाने. त्या नावाचा अर्थ, परमेश्वर तेथे आहे, असा होतो.

अखेर

ग्रंथातील शेवटची तारीख इ.स.पू. ५७१ च्या एप्रिलची आहे. सोर नगरी नबुखद्नेस्सराच्या हाती उद्ध्वस्त होईल, असे यहेज्केलने पूर्वी सांगितले होते. प्रदीर्घ वेढ्यानंतरही अपेक्षित लूट मिळाली नाही. या शेवटच्या संदेशात तो ते मान्य करतो आणि मोबदला म्हणून नबुखद्नेस्सराला मिसर मिळेल असे म्हणतो. न जुळलेले भाकीत पुसून न टाकता त्याच्याशेजारी नवी नोंद ठेवणे, ही गोष्ट ग्रंथाच्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून अभ्यासक दाखवतात.

त्याच्या मृत्यूबद्दल बायबल काही सांगत नाही. उत्तरकालीन आख्यायिकेनुसार निर्वासितांच्याच एका पुढाऱ्याने, मूर्तिपूजेबद्दल खडसावल्यावरून, त्याला ठार मारले.

ग्रंथ आणि वाद

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत यहेज्केलचा ग्रंथ सर्वांत काटेकोर तारखा देणारा आहे. तरी तो सहजासहजी स्वीकारला गेला नाही. त्याचे मंदिरविषयक नियम मोशेच्या नियमशास्त्राशी जुळत नाहीत. म्हणून ग्रंथ बाजूला ठेवण्याचा विचार झाला, तेव्हा हनन्या बिन हिज्कीया या विद्वानाने ३०० पिंप तेल जाळत बसून विसंगतींचा उलगडा केला, अशी कथा तालमूदमध्ये आहे. रथाच्या दृष्टान्ताचे जाहीर वाचन करावे की नाही, यावरही प्राचीन रब्बींत वाद होता. सोळाव्या व तेविसाव्या अध्यायांत यरुशलेमला व्यभिचारी स्त्री मानून केलेली हिंसक वर्णने आहेत. सोळाव्या अध्यायाच्या जाहीर वाचनाला रब्बी एलिएझर यांनी विरोध केला होता. आधुनिक स्त्रीवादी अभ्यासकांनीही या अध्यायांवर कठोर टीका केली आहे.

१९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन याने खबारकाठचा दृष्टान्त म्हणजे परग्रहावरील यान असल्याचा दावा लोकप्रिय केला. पंखधारी, मानवमुखी पशू आणि देवांची सिंहासने पेलणारे प्राणी ही त्या काळच्या मेसोपोटेमियाच्या शिल्पांतील नेहमीची चित्रे आहेत. त्यामुळे तज्ज्ञांनी हा दावा मानलेला नाही.

प्रभाव

निर्वासितांपैकी काही जण परतल्यावर इ.स.पू. ५१५ च्या सुमारास दुसरे मंदिर पूर्ण झाले. ते यहेज्केलच्या आराखड्याप्रमाणे नव्हते. तेज परतून मंदिर भरल्याचे वर्णनही एज्राच्या पुस्तकात नाही. पहिल्या मंदिरात असलेल्या आणि दुसऱ्यात नसलेल्या गोष्टींची यादी तालमूद देते. तिच्यात शेखिना, म्हणजे देवाची निवासरूप उपस्थिती, हिचाही समावेश आहे. शेखिना हा शब्द मिश्कानच्याच धातूपासून आलेला आहे. इस्राएल जेथे जेथे पाडाव होऊन गेला तेथे शेखिना त्याच्याबरोबर गेली, असे रब्बींनी शिकवले. यहेज्केलने सांगितलेले लहान पवित्रस्थान म्हणजे बाबेलमधील प्रार्थनागृहे, अशी व्याख्याही तालमूदमध्ये आढळते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिरही जाळल्यावर जगभरच्या सिनेगॉगांना या व्याख्येचा आधार मिळाला. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल समाजात एझिकेल हे नाव रूढ आहे. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली उभारणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर आणि इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम एझिकेल ही त्यांतली परिचित नावे होत. रथाच्या दृष्टान्तावरून मेरकावा नावाची यहुदी गूढवादी परंपरा निर्माण झाली.

नव्या करारात योहानकृत शुभवर्तमान येशूविषयी बोलताना मंडप ठोकून राहण्याची भाषा वापरते. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात यहेज्केलची नदी, औषधी पानांची झाडे व मोजले जाणारे नगर पुन्हा येतात. फरक इतकाच, की त्या नगरात मंदिर नाही, कारण देव स्वतः तेथे माणसांबरोबर राहतो. मनुष्य, सिंह, बैल व गरुड ही चार मुखे पुढे चार शुभवर्तमानकारांची चिन्हे झाली. सीरियातील दूरा-युरोपोस येथील तिसऱ्या शतकातील सिनेगॉगच्या भिंतीवर वाळलेल्या हाडांचा प्रसंग रंगवलेला आहे. सिस्टाईन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने यहेज्केलचे चित्र काढले आहे.

समाधिस्थान

इराकमध्ये हिल्ला शहराच्या दक्षिणेस, फरात नदीजवळ अल-किफ्ल या गावी यहेज्केलची समाधी दाखवली जाते. बाराव्या शतकात तुदेलाचा ज्यू प्रवासी बेंजामिन येथे आला होता. त्याने तेथील सिनेगॉगचे व यात्रेकरूंच्या गर्दीचे वर्णन केले आहे. कुराणात उल्लेखलेला धुल-किफ्ल हाच यहेज्केल, असे अनेक मुस्लिम मानतात आणि गावाचे नावही त्यावरूनच पडले. शतकानुशतके दोन्ही धर्मांचे लोक येथे येत असत. १९५०-५१ मध्ये इराकमधील बहुतेक ज्यू देश सोडून गेले. समाधीचा परिसर आता मशिदीचा भाग असून आतल्या भिंतींवर हिब्रू लेख अद्याप दिसतात.